शाळेचे बिनबलुत्याचे बलुतेदार



शाळा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें मास्तर येतो. मुलगा पहिला आला तर मास्तर चांगला, नापास झाला तर मास्तर वाईट. हा न्याय सोपा आहे, पण पुरा नाहीं. शेतांत पीक आलें तें एकट्या नांगरानें आलें, असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. कुळवाची पाळी, पाभरीची पेरणी, खुरपणाऱ्या बायांचे हात आणि माळ्यावर राखणीला बसलेलें पोर, इतक्यांचा वांटा त्यांत असतो. शाळेचेंहि तसेंच आहे. मास्तर हा शाळेचा नांगर समजा. बाकीचीं औतें कोण चालवितो आणि त्याबद्दल त्याच्या पदरांत काय पडतें, ह्याचा हिशेब आज मांडावयाचा आहे. मी स्वतः मास्तर आहें. वीस वर्षें खेड्यापाड्यांच्या शाळांत शिकवीत आलों आहें. म्हणून हा हिशेब मास्तराच्याच तोंडून निघालेला बरा.

प्राथमिक शाळेंत दुपारचा आहार शिजविणारी बाई, हायस्कुलांत शिपाई, कारकून, प्रयोगशाळेंतला परिचर, रात्रीचा पहारेकरी, झाडलोट करणारा, आश्रमशाळेंत स्वयंपाकी व कामाठी, ह्या सर्वांना मिळून सरकार-दरबारीं एक नांव आहे : 'शिक्षकेतर'. म्हणजे जे शिक्षक नाहींत ते. माणूस काय करतो हें न सांगतां तो काय नाहीं एवढेंच ह्या नांवानें कळतें. 'इतर' म्हणवून घेण्यांत काय असतें, हें ह्या पत्राच्या वाचकांना मीं सांगावयास नको.

प्रथम स्वयंपाकाच्या बाईचें पाहूं, कारण ती तुमच्याच आळींतली आहे. बहुधा ती भूमिहीन मजुराची बायको असते, नाहीं तर विधवा, नाहीं तर नवऱ्यानें टाकलेली. मुलें तिला मावशी म्हणतात. समजा, शाळेंत पहिली ते चौथीचीं ८० मुलें आहेत. सरकारी नियम असा कीं २५ मुलांपर्यंत एक बाई, २६ ते १०० पर्यंत दोन, आणि पुढें दर शंभराला एक जास्त. तेव्हां ८० मुलांना दोघी. दर मुलामागें १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. म्हणजे रोज ८ किलो तांदूळ निवडावयाचा, दीड किलोहून थोडी जास्त डाळ धुवावयाची, ४ किलो भाजी चिरावयाची. चूल असेल तर सरपण आणावें लागतें, गॅस असेल तर टाकी संपण्याची धास्ती असते. खिचडीचें पातेलें उतरवावयाला दोघींनाहि कमरेचा जोर लावावा लागतो. मग पंगत वाढावयाची, लहानग्यांच्या ताटांत सांडलेलें भरावयाचें, ताटें व भांडीं घासावयाचीं, ओटा पुसावयाचा, उरलेलें धान्य उंदरांपासून जपून ठेवावयाचें. सकाळीं साडेनऊला आलेली बाई तीनच्या आधीं घरीं जात नाहीं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना बहुधा शिपाई नसतोच. त्यामुळें वर्ग झाडणें आणि कित्येक ठिकाणीं मोरी धुणें हेंहि तिच्याच गळ्यांत पडतें.

आतां मोबदला ऐका. १९९५ च्या १५ ऑगस्टला पोषणाची ही योजना सुरू झाली. २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्या असा हुकूम केला. शिजविणाऱ्या बाईला दरमहा १००० रुपये द्यावे असें केंद्र सरकारनें २००९ च्या डिसेंबरपासून ठरविलें, आणि तेंहि वर्षांतले दहाच महिने. २०२१ सालीं योजनेचें नांव बदललें. हजाराचा आंकडा मात्र बदलला नाहीं. महाराष्ट्र सरकारनें आपल्याकडून भर घालून २०२३ सालीं तो १५०० चा २५०० केला. महिन्याचे २५ दिवस धरले तर रोजाचे १०० रुपये झाले. २०२४-२५ सालीं ह्याच महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावर दगडमाती उचलणाराची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे गांवचीं ८० लेंकरें जेवूं घालण्याची किंमत माती उचलण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी! आणि हे पैसेहि वेळच्या वेळीं येत नाहींत. दोन दोन, तीन तीन महिने तुंबतात. तोंवर किराणा-दुकानदाराच्या वहींत बाईचें नांव वाढत असतें.

ह्याला सरकारी कागदांत 'मानधन' म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. त्यांत मानहि आहे आणि धनहि आहे. परंतु धन किती तें वर सांगितलेंच, आणि मान किती तो शाळेच्या ओसरीवर घटकाभर बसून कोणीहि पाहावा. मजुरी म्हटली असती तर मजुरीचा कायदा लागू झाला असता. पगार म्हटला असता तर बारा महिन्यांचा द्यावा लागला असता. मानधन म्हटलें कीं सगळींच देणीं टळतात.

ह्यावर कोणी शहाणे म्हणतात कीं, 'काम तें काय, दोन-तीन तासांचें! घरचें आटोपून चार पैसे सुटतात, आणखी काय पाहिजे?' तास किती होतात तें मीं वर मांडलें आहे. खोटें वाटत असेल त्यानें आठ दिवस शाळेंत बसून मोजावें. आणि साडेनऊ ते तीन शाळेंत अडकलेली बाई दुसऱ्याच्या शेतांत मजुरीला कशी जाणार? तिचा सबंध दिवसच आपण घेतों आणि दाम मात्र अर्ध्या दिवसाचाहि देत नाहीं. शिवाय उन्हाळ्याच्या दोन महिन्यांचें काय? शाळेला सुटी असते, पोटाला सुटी देतां येते काय? दुसरे म्हणतात, 'सरकारजवळ पैसा नाहीं.' पण केरळ राज्यानें ह्याच कामाला महिन्याच्या मानधनाऐवजीं रोजावर मजुरी ठरविली, आणि ती आपल्याकडच्या रोजाच्या कित्येक पट आहे. तेव्हां प्रश्न पैशाचा थोडा आणि मनाचा जास्त आहे.

आमच्या वाडवडिलांच्या गांवगाड्यांत सुताराला, लोहाराला, कुंभाराला, चांभाराला खळ्यावर बलुतें मिळत असे. ती पद्धत चांगली होती असें मी म्हणत नाहीं. तिनें माणसाला जन्मभर एका कामाला जखडलें, आणि महारा-मांगाच्या पदरीं तर अपमानच बांधला. ती मोडली हें बरेंच झालें. पण त्या मोडक्या पद्धतींतहि एक गोष्ट उघड होती : औताचा फाळ लोहाराशिवाय होत नाहीं हें अख्खा गांव जाणत होता, आणि सुगीला त्याच्या झोळींत पेंढ्या घातल्याशिवाय धान्य घरीं नेत नव्हता. आज शाळेचे हे बलुतेदार काम बलुत्यासारखें करतात, सांगेल तें व सांगेल तेव्हां. पण खळ्यावर त्यांची आठवण कोणाला होत नाहीं.

पैशाहून वाईट गोष्ट ही कीं, ह्या माणसांच्या शब्दाला वजन नाहीं. त्याची किंमत किती पडते ती पाहा. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारांत सारण जिल्ह्यांतील गंडामन गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें दगावलीं. तेलांत शेतावर फवारावयाचें मोनोक्रोटोफॉस हें विष गेलें होतें. तें शेतकऱ्यांना चांगलें ठाऊक आहे. तेल बरोबर दिसत नाहीं अशी शंका स्वयंपाकिणीनें काढली होती, आणि मुख्याध्यापिकेनें तेंच वापरावयास सांगितलें, अशी हकीकत त्या वेळीं वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली. बाईनें तेंच अन्न खाल्लें आणि तीहि आजारी पडली. २०१६ सालीं मुख्याध्यापिकेला कोर्टानें शिक्षा दिली. शिक्षेनें मुलें परत आलीं नाहींत. जिचे हात जन्मभर चुलीपाशीं राबले तिला तेलाचा वास कळतो. खुर्चीवर बसणाराला कळतोच असें नाहीं. त्या दिवशीं त्या शाळेंत स्वयंपाकिणीचा शब्द शेवटचा मानण्याचा रिवाज असता तर तें तेल कढईंत पडलें नसतें.

दुसरा प्रकार जातीचा. २०२१ च्या डिसेंबरांत उत्तराखंडांतल्या चंपावत जिल्ह्यांत सुखीढांग येथील शाळेंत दलित बाईच्या हातचें जेवण वरच्या म्हणविणाऱ्या जातींच्या मुलांनीं नाकारलें. बाईला कामावरून दूर केलें, आणि फार गवगवा झाला तेव्हां परत घ्यावें लागलें. हें दूर हिमालयांतलें आहे म्हणून आपण नाकें मुरडूं नयेत. स्वयंपाकाची बाई नेमतांना 'कोणाची' हा प्रश्न आपल्याकडे किती ठिकाणीं हळूच विचारला जातो, तें ज्याचें त्यानें आठवावें. कोल्हापुरास छत्रपति शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे ह्यांना चहाचें दुकान घालून दिलें आणि स्वतः तेथें गाडी थांबवून चहा घेतला. राजानें जें भर रस्त्यांत केलें तें आम्ही शंभर वर्षांनीं शाळेच्या पडवींत करूं शकत नाहीं, तर महाराजांच्या जयंतीचे हार कशाला?

आतां हायस्कुलाकडे वळूं. तेथल्या कारकुनाला आपण केव्हां ओळखतों? दाखला पाहिजे असतो तेव्हां. तो उशीर करतो म्हणून आपण त्याला शिव्याहि देतों. आणि कोठें कोठें तो चिरीमिरी मागतो हेंहि खरें आहे, तें झांकण्याचें मला कारण नाहीं. मागणाराला जाब विचाराच. पण त्याच्या टेबलावरचें जनरल रजिस्टर काय चीज आहे तें समजून घ्या. मुलाचें नांव, जन्मतारीख, जात, बापाचा धंदा, सगळें त्यांत आहे. २०२३ सालापासून कुणबी नोंदींचा शोध सरकारनें हातीं घेतला तेव्हां गांवोगांवच्या शाळांचीं जुनीं रजिस्टरें धूळ झटकून उघडावीं लागलीं. कोण्या अनामिक मास्तरानें वा कारकुनानें सत्तर-ऐंशीं वर्षांपूर्वीं टांकानें नीट लिहिलेली एक ओळ, आणि कोण्या शिपायानें वाळवीपासून राखलेलें तें पान, ह्यांवर कुटुंबेंच्या कुटुंबें दाखले घेऊन आलीं. जेथें पान कुजलें तेथें हक्कहि कुजला. सावकाराच्या वहीची भीति आपण पिढ्यान्‌पिढ्या धरली. शाळेची वही मात्र आपल्या बाजूनें बोलणारी आहे, आणि ती सांभाळणारा माणूस आपल्याला सांभाळला पाहिजे.

शिपायाचें तर आसनच काढून घेतलें आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन-निर्णयानें खाजगी अनुदानित शाळांतल्या शिपाई, पहारेकरी वगैरे चौथ्या वर्गाच्या जागा रिकाम्या होतील तशा मोडीत काढण्याचें ठरलें, आणि त्यांच्याऐवजीं शाळेला 'शिपाई भत्ता' देण्याचें ठरलें. ग्रामीण भागांत तो महिना ५००० रुपये. एवढ्या पैशांत कोण मिळणार? आज एक, उद्यां दुसरा, परवां कंत्राटदारानें धाडलेला तिसरा. जुना शिपाई शाळेंतल्या प्रत्येक मुलाच्या बापाला ओळखत होता. मुलगा फाटकाबाहेर कोणाबरोबर उभा आहे, मुलगी आज रडत कां आली, हें मास्तराच्या आधीं त्याला कळे. २०२४ च्या ऑगस्टांत बदलापूरच्या शाळेंतलें लहान मुलींवरील अत्याचाराचें प्रकरण उघडकीस आलें. आरोप होता तो कंत्राटानें नेमलेल्या सफाई कामगारावर. ह्यावरून कोणी म्हणेल कीं, 'पाहा, हे लोक असेच!' हा निवाडा उलटा आहे. आरोप एका माणसावर होता. त्यासाठीं सगळ्या राबणाऱ्यांना डाग लावूं नये. त्या प्रकरणाचा धडा हा कीं, मुलांजवळ वावरणारा माणूस पारखून, पडताळून, कायमचा नेमावा. आणि लहान मुलींसाठीं बाईच नेमावी. स्वस्त माणूस शोधणाऱ्या शाळेला माणसाची पारख करण्यास सवड नसते.

हें सगळें मुलें पाहत असतात, आणि माझी खरी काळजी तेथें आहे. अध्यापक विद्यालयांत आम्हांला पाठ कसा घ्यावा, फळा कसा लिहावा, बालमानस काय असतें, सगळें शिकविलें. पण शाळेंतल्या शिपायाशीं व स्वयंपाकिणीशीं कसें बोलावें ह्यावर एक ओळहि नव्हती. मूल तें न शिकवतां शिकतें. मास्तराला 'अहो सर' आणि शिपायाला, बापाच्या वयाच्या माणसाला, 'ए, पाणी आण'. ह्या दोन हांकांत मुलाला समाजाची उतरंड कळते. मग नागरिकशास्त्राच्या तासाला समतेचा धडा कितीहि घोकून घेतला तरी तो परीक्षेपुरताच राहतो. आणि ज्याचा बाप स्वतः मजूर आहे तें मूल ह्यांतून काय शिकतें? आपल्या बापाचे हात लाजिरवाणे आहेत, एवढेंच. शाळा शिकून तें घरीं येतें तें बापाची लाज घेऊन येतें. मग शिकलेला मुलगा औताला हात लावीत नाहीं म्हणून तुम्ही कपाळाला हात लावतां!

जोतीराव फुल्यांनीं हें फार आधीं ओळखलें होतें. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं मागितलें होतें कीं, प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गांतले असावेत, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातीं धरूं शकतील असे. म्हणजे शिकविणारा हात आणि राबणारा हात एकमेकांना परके नसावेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहांत मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास लिहितांना त्या माउलीचें नांव वगळतां येत नाहीं. आधीं पोटोबा मग विठोबा, हें वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. मग आजच्या खिचडीच्या पातेल्यामागें उभी असलेली बाई आपल्याला कां दिसत नाहीं?

तेव्हां करावें काय? कांहीं गोष्टी सरकारनें करावयाच्या आहेत, त्या मागितल्याच पाहिजेत : स्वयंपाकिणींना दहाऐवजीं बारा महिने वेतन, निदान रोजगार हमीच्या दराएवढा रोज, दरमहा ठरल्या तारखेस, आणि शाळेला कायमचा शिपाई. हे ठराव ग्रामसभेंत करा आणि आमदाराच्या हातीं द्या. मतें मागावयाला येईल तेव्हां त्या कागदाचें काय झालें तें विचारा.

पण कांहीं गोष्टींना कोणाची परवानगी लागत नाहीं. २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्यानें शाळा व्यवस्थापन समितींत चार हिश्शांपैकीं तीन हिस्से पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात असें ठरविलें आहे. स्वयंपाकिणीचें मूल शाळेंत असेल तर ती पालकच आहे. पुढच्या खेपेला तिलाच निवडून द्या. समितीच्या दर बैठकींत पहिला प्रश्न हा विचारा कीं, बाईचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंत आले? तुंबले असतील तर तालुक्याला चार माणसें घेऊन जा. एकट्या बाईच्या अर्जाला जें उत्तर मिळत नाहीं तें चार पागोट्यांना मिळतें. धान्याला किंवा तेलाला वास आहे असें बाईनें म्हटलें तर त्या दिवशीं तें शिजणार नाहीं, मग मुख्याध्यापक कांहींहि म्हणोत, असा नियम वहींत लिहून घ्या. वाढण्यापूर्वीं शिक्षकानें चव घ्यावयाची असते, ती तो रोज घेतो कीं नुसती सही करतो, तें पाहा. बाईला मास्तराच्या घरचें किंवा सरपंचाच्या घरचें काम कोणी सांगत असेल तर तेथल्या तेथें बंद पाडा. सुतारकाम येत असेल त्यानें स्वयंपाकखोलीची मोडकी फळी एका दुपारीं नीट करून द्यावी. गवंड्यानें ओटा कमरेच्या उंचीचा बांधून द्यावा. शेतकऱ्यानें सुगीला पायलीभर धान्य द्यावें, पण तें भीक म्हणून देऊं नये आणि सरकारनें द्यावयाच्या वेतनाच्या बदलाहि समजूं नये. २६ जानेवारीला झेंड्यापुढें शाल-नारळ देतां तो एकदां शिपायाला व स्वयंपाकिणीला द्या, मात्र तेवढ्यानें देणें फिटलें असें मानूं नका.

आणि माझ्या शिक्षक बंधूंनो, तुम्हांलाहि एक शब्द. आपण पगारासाठीं मोर्चे काढतों, तेव्हां आपल्या मागण्यांच्या कागदावर ह्यांची मागणी शेवटच्या ओळींत तरी असते काय? ती पहिल्या ओळींत येऊं द्या. आपला पगार वाढून तिचा रोज शंभरावर राहिला, तर आपल्यांत आणि जुन्या गांवगाड्यांतल्या वतनदारांत फरक तो काय राहिला?

ह्या आठवड्यांत एवढें तरी करा. मुलाला शाळेंत सोडावयाला जाल तेव्हां सरळ मास्तराकडे न जातां आधीं स्वयंपाकखोलीच्या दारांत थांबा. बाईला तिच्या नांवानें, 'अहो' म्हणून हांक मारा, आणि पैसे कधींपासून आले नाहींत तें विचारा. शेजारीं तुमचें मूल उभें असूं द्या. त्याला तें ऐकूं द्या.

— एक गांवठी शिक्षक